मिशीचा रकाना

आमच्या शेजारच्या प्रसेनजीत कांबळेला मोजायची खोड होती. दारूची असती, पत्त्यांची असती, तर गल्लीनं समजून घेतलं असतं. चार वडीलधारी माणसं जाऊन बसतात, दोन शिव्या देतात, काहीतरी मार्ग निघतो. पण जो माणूस नळाशेजारच्या भिंतीला कागद चिकटवून पाणी किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं ते रोज लिहितो, त्याला कुठल्या तोंडानं समजवायचं?

एकदा मी त्यांच्याकडं विरजण मागायला गेले, तर हा वहीतून मान वर न करता म्हणाला, "विमलाकाकू, यंदाचं हे एक्केचाळिसावं."

"आणि परत किती येळा दिलं, ते लिवलंस का न्हाय?" मी फणकाऱ्यानं विचारलं.

"विरजण कुणी परत देत न्हाय काकू. म्हणून तो रकाना केला न्हाय."

असा हा सभ्य पोरगा. तोंडावर कधी कुणाला वाईट बोलणार नाही, फक्त आकडा सांगणार. बाकीचं ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

ही खोड त्याला आईकडून आलेली. आक्काताई तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. खाटेच्या पायथ्याला तापाचा तक्ता लटकलेला नसेल तर त्यांना पेशंट अर्धाच दिसायचा. घरात भिंतीवर तीन चौकटी: बुद्ध, बाबासाहेब, आणि प्रसेनजीतची बी.एस्सी.ची पदवी. विषय संख्याशास्त्र. हा शब्द सगळ्या फुलेवाडीत फक्त आक्काताईंना न अडखळता म्हणता यायचा आणि त्या तो कारण नसतानाही म्हणायच्या. पोरगं बँकेत जाईल, सरकारात जाईल, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. गेलं कुठं? कबनूरला, मागाच्या कारखान्यात दिवाणजी म्हणून. दिवाणजी म्हणजे तिथला लिहिणारा माणूस: कुठल्या मागावर किती कापड निघालं, त्यात किती खराब, कोण आलं, कोण नाही. सकाळची पहिली एस.टी. पकडायची आणि संध्याकाळी कापसाची पिंजर केसांत घेऊन परत यायचं. तिशीच्या आत पोरगं पिकलं की काय, असं बघणाऱ्याला वाटायचं. गारगोटीच्या एका स्थळानं तर तेवढ्यावरच नकार कळवला. आंघोळ करून आला असता तर संसार दोन वर्षं आधी झाला असता, पण ते राहू दे.

कारखान्याचे मालक बाळासो मुळीक. चोवीस माग, पत्र्याची शेड आणि मिशी, तिन्ही गोष्टी वडिलार्जित. माग वडिलांचे, शेड वडिलांची, आणि मिशी वडिलांच्या फोटोतली जशीच्या तशी. माणूस दिलदार. कामगाराच्या पोराच्या बारशाला जाणार, म्हातारीला दवाखान्यात स्वतःच्या गाडीतून नेणार. दोष म्हणाल तर एकच, बोलायला लई आवडायचं. आणि मागाच्या शेडमध्ये बोलणं ही सोपी गोष्ट नाही. चोवीस माग एकदम खडखडायला लागले की शेजारच्याचं ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं ओठ वाचतात, नाहीतर खुणा करतात. अंगठा तोंडाकडं नेला की चहा. दोन बोटं कातरीसारखी हलवली की धागा तुटला. आणि ओठावर बोटं ठेवून हवेत मिशी पिळली की समजायचं, मालक आले.

मला हे सगळं कसं ठाऊक? मी परकर शिवते. बाळासोंच्या कारखान्यातलं खराब निघालेलं कापड, कापून टाकलेले तुकडे, मी महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन पिशव्या भरून आणायची. परकराला कुठं कोण बघतंय? तेव्हा मुळीकांच्या कापडात जितकी खोट, तितकी माझी चंगळ. हे आधीच सांगून ठेवते. पुढं मी यात कुणाच्या बाजूनं होते असं कुणी विचारलं तर भानगड नको.

तर सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यापासून मुळीकांच्या कापडात पट्टी पडायला लागली. पट्टी म्हणजे आडवी रेघ. कोऱ्या कापडात डोळ्यांत तेल घालून बघावी तेव्हा दिसते, पण रंगवून आलं की फरशीवरच्या चिरेसारखी उठून येते. चालता माग थांबवला आणि मग परत सुरू केला की थांबल्या जागी धागे जरा विरळ नाहीतर जरा दाट बसतात. धागा तुटून माग थांबला तर चांगला मागवाला अर्ध्या मिनिटात गाठ मारून, कापड सारखं करून चालू करतो, तेव्हा फारसं कळत नाही. पण माग जितका जास्त वेळ थांबेल तितकी पट्टी ठळक. व्यापाऱ्यांनी तागे परत पाठवायला सुरुवात केली. बाळासो खवळले. "कोण माग थांबवून झोपतंय, ते बगतोच," म्हणून पूर्वी दिवसातून एकदा शेडमध्ये यायचे ते चारदा, पाचदा यायला लागले. आणि प्रसेनजीतला म्हणाले, "दिवाणजी, तुमी शिकल्याला माणूस. मला नाव काढून द्या."

हा खूश. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या पदवीला हात लावला होता. खालून ट्यूब लावलेल्या काचेच्या टेबलावर एकेक तागा पसरून त्यानं महिनाभर पट्ट्या मोजल्या. कुठल्या मागाचा तागा, किती पट्ट्या. मग माझ्याकडूनच खडू नेऊन एका मोठ्या कागदावर चोवीस खांब रंगवले. वीस खांब आपले बोटभर. आणि दाराजवळचे चार खांब असे उंच, की देवळापुढच्या दीपमाळाच. महिन्यात एकशे अठरा पट्ट्या, त्यातल्या एकसष्ट त्या चार मागांवर.

ते चार माग यल्लाप्पाचे.

यल्लाप्पा चिकोडीकडचा. अठराव्या वर्षी बाळासोंच्या वडिलांकडं आला, त्यांनीच त्याला आडवा धागा नेणारा धोटा धरायला शिकवलं. सव्वीस वर्षं त्याच दारात, त्याच मागांवर. कारखान्याच्या मागच्या खोलीत नवरा-बायको राहायची. सगळ्या शेडमध्ये त्याच्याइतका मऊ माणूस नाही. तंबाखू नाही, खाडा नाही, मोठ्यानं बोलणं तर नाहीच.

बाळासोंनी कागद हातात घेतला आणि मांडीवर थाप मारली. "ह्येला म्हणत्यात शिक्षण! घरचा चोर कागदावर धरला की राव!" मग वडिलांच्या फोटोकडं बघितलं आणि म्हणाले, "वडिलांच्या वेळचा माणूस हाय, सणाच्या तोंडावर घालवत न्हाय. दिवाळी करू दे. पाडव्यानंतर त्यानं यायचं न्हाय. खोली बी सोडायची."

म्हणजे दीड महिना.

त्या दिवशी प्रसेनजीत घरी आला तो जेवलाच नाही. मी आपली सहज, आमटी मागायच्या निमित्तानं, त्यांच्या सोप्यात जाऊन बसले. आक्काताईंनी तो कागद जमिनीवर पसरला होता आणि चष्मा लावून वाचत होत्या, पेशंटचा तक्ता वाचावा तसा.

"ताप कुणाला हाय ते लिवलंस," त्या म्हणाल्या. "किती वाजता चढतोय, ते कुठं हाय?"

"वेळ मी घेतली न्हाय."

"कशानं चढतोय?"

"ते बी न्हाय."

"मग पेशंट खाटेवरनं खाली टाकायला कसा निघालास? खाट बदलून ताप जातोय व्हय रे?"

मीही नेमकं हेच म्हणणार होते. गल्लीत एखादीचं नाव निघालं तर आम्ही बायका नुसत्या नावावर कधी थांबत नाही. किती वाजता, कुणाच्या स्कूटरवरून, घरात सासू होती की नव्हती, ही सगळी माहिती गोळा केल्याशिवाय आम्ही कुणाची बदनामी करत नाही. आणि हा बी.एस्सी. झालेला पोरगा एका रकान्यावर माणूस उडवून मोकळा!

मी तसं बोलूनही दाखवलं. "प्रसेनजीत, तुझ्यापरीस मी बरी."

"व्हय काकू," तो म्हणाला. हसला नाही. मग मलाच कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवसापासून नवी मोजणी सुरू झाली. बाळासोंनी परवानगी आनंदानं दिली. "मोजा, मोजा. पुरावा पक्का करा." प्रसेनजीतनं वह्यांच्या पुठ्ठ्यांची कार्डं कापून एकेका मागाला दोरीनं बांधली, शेजारी पेन्सिल. माग थांबला की मागवाल्यानंच वेळ आणि कारण लिहायचं. आता त्यातल्या निम्म्यांना आकडे सोडून काही लिहिता येत नव्हतं, यल्लाप्पाला आलं तर कानडी. म्हणून कारणांची चित्रं ठरली. धागा तुटला की उभी रेघ, धोटा अडकला की पानासारखा आकार, लाईट गेली की फुली.

तेवढ्यात समोरच्या ओळीतला पिराजी, शेडमधला वात्रट, म्हणाला, "आणि दिवाणजी, मालक आल्यावं?"

"मालक आल्यावर माग कशाला थांबतोय?"

"तागा दाखव म्हणत्यात की कवा कवा. मग थांबवायला नको?"

"बरं. मग त्याला काय काढायचं?"

पिराजीनं काही न बोलता ओठावर बोटं ठेवून मिशी पिळली. सगळी शेड हसली. प्रसेनजीतनं मात्र फूटपट्टी घेऊन शांतपणे शेवटचा रकाना आखला आणि वर छोटीशी मिशी काढली. ज्या कारणाला रकाना नाही, ते कारण कागदावर येतच नाही, हे त्याला नुकतंच महागात पडलं होतं.

दोन आठवडे गेले. रोज संध्याकाळी तो कार्डं घरी आणायचा आणि सोप्यात मांडून बसायचा, जशी काय पोरं सापशिडी खेळतात. तेवीस कार्डांपैकी वीस नीट. रेघा, पानं, फुल्या. कुठंकुठं एखादी मिशी. पिराजीच्या कार्डावर तर मिशाच मिशा. रोज चार-पाच, कुठली झुपकेदार, कुठली वळलेली, एकीला तर त्यानं खाली दातही काढले होते. प्रसेनजीतनं त्याला झापलं तर म्हणाला, "माजा माग थांबला न्हाय, पर मालक दारातनं आत आले की मी काढतोय. तुमीच म्हणला न्हवं, मालक आल्यावं काढायचं?"

"माग थांबला तरच काढायचं, पिराजी!"

"असं व्हय? आता काढल्याली पुसू काय?"

"र्‍हाऊ दे," प्रसेनजीत वैतागून म्हणाला. चुकीचं भरलेलं कार्ड म्हणून त्यानं ते बाजूला ठेवलं.

तेवीस कार्डं का, चोवीस का नाहीत, तर एक कार्ड उंदरानं खाल्लं. आणि वीसच नीट का, तर उरलेल्या चारांत यल्लाप्पाची होती... नाही, माझा हिशेब चुकला. मला मोजता येत नाही हे प्रसेनजीतला सगळ्यांत आधी कळलं होतं. सांगायचं ते एवढंच, की यल्लाप्पाची चारही कार्डं मळकी होती. वेळा सगळ्या लिहिलेल्या, इमानदारीनं. पण कारणाच्या जागी थोड्या रेघा, एक-दोन पानं, आणि बाकी ठिकाणी बोट ओलं करून पुसल्यासारखे काळे डाग. सत्तर वेळा थांबलेला माग, आणि त्यातल्या पन्नास वेळा का थांबला ते पुसलेलं.

"काकू, खरंच लपवतोय काहीतरी," प्रसेनजीत मला म्हणाला. त्याचा चेहरा असा, जसा काय त्यानंच पुसलंय. "झोपत असंल. न्हाईतर मालकांचंच बरोबर असंल."

"मग आता?"

"आता काय, विचारायला पायजे."

दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. त्यानं यल्लाप्पाला सुताच्या कांड्या भरायच्या खोलीत नेलं, तिथं जरा कमी आवाज. आणि समोरासमोर उभं राहून, ओठ स्पष्ट हलवून विचारलं.

यल्लाप्पा खाली बघून म्हणाला, "दिवाणजी री, म्या पुसलो."

"काय होतं तिथं?"

"मिशी."

"मिशी? मग पुसली का?"

"मालक हाय त्यो. त्येच्या बापानं मला काम शिकवलं. त्येची मिशी पेन्सिलनं काढू व्हय मी? काढत होतो, मग पाप वाटत होतं, मग पुसत होतो."

"पण मालक आल्यावर तुम्ही चारही माग थांबवता? बाकीचे तर थांबवत न्हाईत."

यल्लाप्पानं दाराकडं बघितलं, कुणी नाही अशी खात्री केली. "मालक बोलतोय, आणि मला ऐकू येत न्हाय री. कान गेल्यात. चार वर्सं झाली. माग बंद केला तर थोडं थोडं कळतंय. ऐकू येत न्हाय म्हणून सांगू कसं? भैऱ्या मागवाल्याला कोण ठेवून घेतंय? तुमी बी सांगू नका."

"न्हाय सांगत. पण किती वेळ बोलतात?"

"पयलं दिवसाला एकदा यायचं. आता पट्टी वाढली म्हणून चारदा येत्यात. 'यल्लाप्पा, पट्टी का पडती रे,' म्हणून इचारत्यात." त्यानं पुन्हा दाराकडं बघितलं. "पाव पाव तास इचारत्यात."

प्रसेनजीतनं हे, मालकांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही या अटीवर, मला सांगितलं तेव्हा मी इतकी हसले की आक्काताई आतून पाणी घेऊन आल्या. म्हणजे बघा की! पट्टी पडते म्हणून मालक फेरी मारतो, मालकाची फेरी म्हणून माग थांबतो, माग थांबला म्हणून पट्टी पडते, आणि पट्टी पडली म्हणून मालक आणखी एक फेरी मारतो. दारात पहिला यल्लाप्पा, सगळ्यांत अदबशीर यल्लाप्पा, म्हणून सगळ्या गप्पा त्याच्याच वाट्याला. शेडमधल्या उद्धट माणसांचं कापड स्वच्छ, आणि जो धन्याला मान देतो त्याच्या कपाळी दीपमाळ.

"मग सांग की जाऊन मालकाला!" मी म्हटलं.

"काय सांगू? मिशा पुसल्यात. तोंडी सांगितलं तर म्हणतील, यल्लाप्पानं शिकवलं. आणि माग का थांबवतो विचारलं तर कान सांगायला लागतील. वचन दिलंय मी."

पुरावा होता, पण भक्तीनं पुसलेला. यावर संख्याशास्त्रात काही उपाय आहे का, म्हणून त्यानं कॉलेजची पुस्तकं काढली. नव्हता.

पण कधी कधी उपाय तिरुपतीच्या गाडीनं येतो. बाळासोंनी नवस बोलला होता: कापडातली पट्टी जाऊ दे, केस देतो. पट्टी गेली नव्हती, पण आधी केस दिले तर देवाला लाज वाटेल, असा विचार करून ते दसऱ्यानंतर सहकुटुंब तिरुपतीला गेले. आठ दिवस. त्या आठ दिवसांत शेडमध्ये कुणी मिशी पिळली नाही. यल्लाप्पाचे चार माग सकाळी सुरू झाले ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत. प्रसेनजीत काचेच्या टेबलावर तागे पसरून बसला. आधीच्या आठ दिवसांत त्या चार मागांवर बत्तीस पट्ट्या. या आठ दिवसांत तीन.

बाळासो परत आले. डोकं तुळतुळीत आणि मिशीही गेलेली. दारातल्या राखणदारानं त्यांना "पावणं, कुणाकडं?" म्हणून अडवलं. लाडू वाटून झाल्यावर प्रसेनजीतनं आकडा सांगितला, तर त्यांनी दोन्ही हात वर केले. "गोविंदा! बगितलंस? तिकडं केसाला वस्तरा लागला आणि हिकडं पट्टी गेली!"

प्रसेनजीतनं वही मिटली. देवाशी वाद घालायला त्याच्याकडं रकाना नव्हता.

देवाच्या कृपेच्या आनंदात बाळासो आणखी जोरात फेऱ्या मारायला लागले. यल्लाप्पाजवळ उभं राहून तिरुपतीची सगळी रांग, सगळा जेवणाचा हॉल, सगळा वस्तरा सांगितला. यल्लाप्पानं मान हलवत ऐकलं, चार माग बंद करून. आणि प्रसेनजीतला हळूच विचारलं, "दिवाणजी री, आता तर मालकाला मिशीच न्हाय. मग कार्डावर काय काढायचं?" खोटं चित्र काढायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

चार दिवसांत पट्ट्या परत जशाच्या तशा. बाळासो म्हणाले, "देवानं दिलं, यल्लाप्पानं घालवलं. आता पाडव्याची वाट बी बघत न्हाय. शनिवारी हिशेब करून सोडा त्येला."

शनिवारी मी तिथंच होते. दिवाळीच्या परकरांसाठी तुकडे न्यायला गेलते, एवढाच माझा दोष. कार्यालयाच्या काचेतून शेड दिसत होती. प्रसेनजीतनं टेबलावर एक नवा कागद पसरला. खाली ओळीनं महिन्याचे दिवस. प्रत्येक दिवसावर यल्लाप्पाच्या मागांवरच्या पट्ट्यांचा खांब. आणि प्रत्येक खांबाखाली छोट्या छोट्या मिशा, कुठं चार, कुठं पाच, तिरुपतीच्या आठवड्यात एकही नाही. त्या मिशा आल्या कुठून? पिराजीच्या त्या चुकीच्या भरलेल्या कार्डावरून. त्या वात्रट माणसानं, झापल्यावरसुद्धा, त्याचा माग थांबला असो नसो, मालक दारातून आत आले की इमानानं मिशी काढली होती, मालक तुळतुळीत होऊन आल्यावरसुद्धा. मुळीकांच्या फेऱ्यांची इतकी बिनचूक नोंद कुणी ठरवून ठेवली नसती.

"ही काय वटवाघळं काढल्यात?" बाळासोंनी विचारलं.

"न्हाय मालक."

"मग?"

दारात उभ्या पिराजीचा हात सवयीनं ओठाकडं गेला आणि त्यानं हवेत मिशी पिळली. बाळासोंनी ते बघितलं. त्यांचा स्वतःचा हात वर गेला, मोकळ्या ओठावरून फिरला.

"माजी?"

"व्हय मालक," प्रसेनजीत म्हणाला. आवाज बारीक, पण आकडे स्पष्ट. "ज्या दिवशी पाच मिशा, त्या दिवशी पाच पट्ट्या. चार मिशा, तर तीन पट्ट्या. आठ दिवस मिशी न्हाय, तर मिळून तीन पट्ट्या."

"म्हंजे माज्या कारखान्यातली खराबी मी व्हय रे?"

"मी तसं म्हणलो न्हाय. कागद म्हणतोय."

बाळासोंचं तुळतुळीत डोकं कपाळापासून मागपर्यंत तांबडं होत गेलं, मी डोळ्यांनी बघितलं. ते ताडकन उठले. "त्येलाच इचारतो!" म्हणून शेडमध्ये घुसले. आम्ही मागं. नोकरी प्रसेनजीतचीही गेली, असं मी मनात धरून टाकलं आणि आक्काताईंना कसं सांगायचं याची वाक्यं जुळवायला लागले.

"यल्लाप्पा!" बाळासो दारातून ओरडले. "मी आलो म्हणून तू माग थांबवतोस व्हय रे?"

यल्लाप्पानं धन्याला बघितलं. त्यानं पहिला माग बंद केला. मग दुसरा. मग पलीकडं जाऊन तिसरा आणि चौथा. हात पाठीला पुसले, जवळ आला, हात जोडले आणि अदबीनं म्हणाला, "काय म्हणला मालक?"

बाकीचे वीस माग खडखडत होते. बाळासो त्या चार थांबलेल्या मागांकडं बघत राहिले. तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं, कारण जेवढं बोलणार तेवढी पट्टी. शेवटी त्यांनी हात वर केला, मनगट फिरवून खूण केली, चालू कर, आणि वळून बाहेर गेले.

दिवाळी झाली, पाडवा झाला, यल्लाप्पा तिथंच. बाळासोंनी शेडच्या दारात पांढऱ्या रंगानं एक रेघ ओढून घेतली आणि माग चालू असताना ती ओलांडायची नाही, असं स्वतःलाच बजावलं. पण बोलायची हौस कुठं जाते? चहाच्या सुट्टीत, सगळे माग तसेही बंद असताना, बाहेरच्या बाकावर यल्लाप्पाला शेजारी बसवून गप्पा मारायला लागले. आणि पंधरा दिवसांत त्यांना कळून चुकलं, की यल्लाप्पाला शांततेतही धड ऐकू येत नाही.

प्रसेनजीतचा जीव मुठीत. वचन त्यानं पाळलं होतं, पण बाकानं मोडलं.

बाळासोंनी त्याला बोलावलं. "दिवाणजी, ह्यो भैरा हाय, तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"ह्येच्या मागावर ह्या महिन्यात पट्ट्या किती?"

"सहा. सगळ्या शेडमध्ये कमी."

बाळासोंनी मिशीच्या खुंटांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मग ऐकू येणाऱ्यांचं काय लोणचं घालायचं?" विषय संपला. पुढं एकदा त्यांनीच यल्लाप्पाला सांगलीला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. यंत्र बसवलं. यल्लाप्पा ते शेडमध्ये काढून खिशात ठेवायचा आणि बाकावर बसतानाही विसरायचा, मुद्दाम की चुकून, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कारखानदारांच्या सभेत बाळासो आजही सांगतात, की मी माझ्या स्वतःच्या चुका स्वतः मोजून काढल्या. प्रसेनजीत मागच्या खुर्चीवर बसून ते भाषण ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. कितव्यांदा, ते त्याच्या वहीत असणारच.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला कारखान्यात कॉम्प्युटर आला. पुण्याचा एक पोरगा माग थांबायची कारणं यंत्रात भरायला आला होता. धागा, धोटा, लाईट असं लिहीत शेवटाला आला आणि विचारलं, "हे 'मिशी' काय आहे? काढून टाकू?" बाळासोंची मिशी तोवर वडिलांच्या फोटोइतकी परत वाढली होती. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ती हाय म्हणून मी रेघंच्या हिकडं हाय." नवी पोरं ती बटणं दाबतात, मिशी कुणाची ते त्यांना ठाऊक नाही.

या सगळ्यात नुकसान झालं ते फक्त माझं. मुळीकांच्याकडं खराब कापड निघायचंच बंद झालं, परकरांसाठी मला इचलकरंजीच्या बाजारात हिंडायला लागलं. आणि हे कारस्थान शिजलं माझ्याच शेजारी, माझ्या खडूंनी! त्या शनिवारचा, यल्लाप्पानं हात जोडले तेव्हा थांबलेल्या मागावरचा एक तुकडा मात्र मी आणला होता. हौसेनं गुलाबी रंगवून घेतला. मधोमध अशी ठळक पट्टी उठलीय की परकरालासुद्धा चालायची नाही. गिऱ्हाईक विचारतं, "काकू, ह्यो कसला डाग?"

मी सांगते, "डाग न्हाय गं, मालक बोलले हुते."

तुकडा अजून खपला नाही.